आणखी सहा गोगलगाई

जोगदंड सर,

आधी भांडून घेते. रडायचं होतं ते तुमच्या तेरवीला औशात रडून झालं, आणि तिथंही तुमच्या वहिनींनी "कशाला रडायलाव मॅडम, जेवून घ्या" म्हणत मला पंगतीत नेऊन बसवलं. तो विषय संपला. आता उरलंय ते भांडण, आणि ते असं अर्धवट टाकून जायचा तुम्हाला काही एक अधिकार नव्हता.

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, जोगदंड सर अतिशय शांत आणि मनमिळाऊ होते, त्यांचा कुणाला कधी त्रास झाला नाही. मी पहिल्याच रांगेत बसले होते. समोरच्या टेबलावर बसून एकोणीस वर्षं मी काय सोसलंय ते माझं मला ठाऊक. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. तुमच्याशी भांडायला घेतलं की तुम्ही चष्मा काढून पुसत बसायचात, पुसून झाला की "बघू" म्हणायचात, आणि मी आपली एकटीच तावातावानं बोलत राहायचे. बाहेरून जाणाऱ्या मुलांना वाटायचं, शेख मॅडम भिंतीशी बोलतात. इतकं भांडूनही आपलं 'सर' आणि 'मॅडम' एकदाही सुटलं नाही, हे मात्र खरं.

पुढे प्राचार्यांनी जाहीर करून टाकलं की सरांचं संशोधन शेख मॅडम लवकरच प्रसिद्ध करतील, हीच खरी श्रद्धांजली. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे आमच्या प्राध्यापकांना कोण सांगणार. तुमच्या मिसेस माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. ती मान हलवायला नको होती, हे मला तीन दिवसांनी औशात कळलं, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर जी संतापलेली आहे ती आजतागायत.

आपण नेमकं काय करत होतो, हे त्या सभेत एकालाही धड सांगता आलं नाही. एक जण तर म्हणाले, "सरांनी गोगलगाईंच्या मेंदूवर औषध शोधलं." म्हणून मीच सांगते, तुमच्याच पद्धतीनं, खडू न घेता. मेंदूतल्या पेशीच्या अंगावर दारं असतात. पुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात, आपण रिसेप्टर म्हणायचो, आणि भांडताना नुसतंच दार. शेजारच्या पेशीकडून निरोप म्हणून एक रसायन येतं, ते दाराला लागतं, दार उघडतं, बाहेरचे क्षार आत शिरतात. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ती विजेची एक उडी दिसते. आता पेशीच्या आत एक एन्झाइम असतं. फॉस्फेटचा एक कण उचलायचा आणि दाराला आतून चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. पण तो कण चिकटला की दार तेच, निरोप तोच, तरी उडी वेगळी येते. आपल्या लक्षात काय राहतं आणि काय पुसलं जातं, यात ह्या चिकटवाचिकटवीचा मोठा हात आहे असं म्हणतात.

इथवर आपलं एकमत होतं. इथून पुढे चार वर्षं एकाही गोष्टीवर झालं नाही.

तुमचं म्हणणं, एन्झाइम बिजागरीला तेल घालतं. दारं होती तेवढीच, पण उघडलेलं दार लवकर मिटत नाही. माझं म्हणणं, अजिबात नाही, पेशीच्या पोटात राखीव दारं पडून असतात आणि एन्झाइम ती वर आणून बसवतं. बघायला सोपं होतं. तुमचं खरं असेल तर उडीची उंची आहे तेवढीच राहील, पण तिचं शेपूट लांबेल, म्हणजे रेघ खाली यायला वेळ लावेल. माझं खरं असेल तर उंची वाढेल आणि शेपूट तेवढंच राहील. आणि आपल्या नशिबानं पडद्यावर दोन्ही दिसायचं. उंची डोळ्यात भरेल अशी, शेपूट जेमतेम. म्हणून मी उंची धरून बसले आणि तुम्ही शेपूट.

गोगलगाई कशाला, असं पाहुण्या तपासनीस बाईंनी विचारलं होतं तेव्हा तुम्ही किती खूश झाला होतात. कारण त्यांच्या मेंदूतल्या काही पेशी साध्या भिंगातून दिसतात एवढ्या मोठ्या. आणि कारण त्या फुकटच्या. औशाकडे सोयाबीन उगवून दोन पानांवर आलं की शंखी गोगलगाई रातोरात वाफा साफ करतात. सगळं गाव सकाळी उठून त्या वेचतं आणि मारतं. तुमच्या वहिनी मात्र निवडक वेचायच्या. मोठ्या, शंख न फुटलेल्या. बादलीत घालून लातूरच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायच्या. निळी प्लास्टिकची बादली, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'जोगदंड सर, कॉलेज, लातूर' लिहिलेलं. तुमचंच अक्षर, 'सर' सकट. स्वतःच्या नावापुढे स्वतःच 'सर' लिहिणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. तुम्ही म्हणायचात, नुसतं नाव बघून कंडक्टर कुणाची बादली सांभाळत नाही, सर म्हटलं की सांभाळतो.

पेशीत काचेची सुई घालायची ती तुम्ही. तुमच्या हाताला सवय होती, श्वाससुद्धा धरून ठेवायचात. सुईमागचं यंत्र माझं. अब्बांचं नांदेडात रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तिथं लहानपणी सोल्डरिंगचा धूर खाऊन मी वाढले, म्हणून ॲम्प्लिफायर घरी बनवायची मला छाती झाली. आणि पहिल्या दिवशी त्यातून नुसती गुणगुण. उडी नाही, पेशी नाही, भिंतीतल्या विजेची गुणगुण. मी तीन वेळा सगळं उकलून जोडलं. शेवटी चादरीत गुंडाळून आपण ते नांदेडला नेलं. अब्बांनी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्हाला म्हणाले, "सर, कॉलेज में अर्थिंग का खड्डा किधर है?" आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. "पहले मिट्टी देखो जी, मशीन बाद में. सूखी मिट्टी करंट नै लेती. उसको रोज पानी पिलाओ."

मी बापाचं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही ऐकलंत. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कॉलेजच्या मागे जाऊन त्या खड्ड्यात पाणी. उन्हाळ्यात लातूरला आठवडा आठवडा नळ कोरडा असताना घरून भाज्या धुतलेलं पाणी बाटलीत भरून आणायचात. आणि पावसाळ्यातही! बाहेर धो धो कोसळतंय, आणि आमचे सर छत्री घेऊन खड्ड्यात पाणी ओतायला निघाले. स्टाफरूममध्ये मी ह्यावर किती हसले आणि किती जणांना हसवलं, त्याची आता मला लाज वाटते. ते पुढे सांगते.

पेपर दिवाळीत लिहून तयार होता. मी लिहिला होता, उंची वर, शेपूट तळटीपेत. तुम्ही वाचलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "मॅडम, आणखी सहा."

सहा काय? सहा गोगलगाई. मी म्हटलं ठीक आहे. पण दिवाळीनंतर गोगलगाई शंखाचं तोंड बंद करून जमिनीत झोपतात, म्हणजे थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा. थांबले. ह्या वर्षी पावसाळा आला, सहा झाल्या. "आणखी सहा." त्या झाल्या. "आणखी सहा." मी तुम्हाला काय काय बोलले! तुम्हाला निकाल नकोच आहे, तुम्हाला फक्त गोगलगाई पाळायच्या आहेत, इथपर्यंत बोलले. तुम्ही बघू म्हणालात.

आणि त्याच दिवसांत माझं यंत्र बिघडलं. बिघडलं असं मला वाटलं. आषाढातल्या दोन बादल्या अशा आल्या की उंची वाढायचीच बंद. एन्झाइम जागं करणारं औषध घातलं, अर्धा तास थांबलो, उडी जेवढ्यास तेवढी. मी म्हटलं, ॲम्प्लिफायर गेला. आठवडाभर तो टेबलावर उघडा टाकून एकेक सांधा तपासत बसले. बोटं भाजली. तुम्ही शेजारी उभे राहून चहा देत होतात. एकदा एवढंच म्हणालात, "मॅडम, मशीन चांगलं असेल." मी खेकसले, "मग बिघडलंय काय?" तुम्ही म्हणालात, "बघू. आणखी सहा येऊ द्या."

ते शेवटचे दिवस. शुक्रवारी मी नांदेडला निघाले होते, अब्बांचे डोळे दाखवायचे होते. तुम्ही दारात आलात. "मॅडम, एक सांगायचं होतं." मी पिशवी खांद्याला लावत म्हटलं, "आणखी सहा ना? ऐकलंय. मंगळवारी सांगा." आणि गेले. बस चुकू नये म्हणून गेले, सर. ती बस अर्धा तास उशिरा सुटली. शनिवारी सकाळी नांदेडला फोन आला. तेव्हापासून मी तो दरवाजा किती वेळा बघितला, आणि तिथं उभं राहून तुम्हाला "सांगा" असं किती वेळा म्हटलं, ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

काय सांगायचं होतं ते मला तुमच्या वहिनींकडून कळावं?

तेरवीला जेवणं उरकल्यावर वहिनी मला मागच्या दाराला घेऊन गेल्या. तिथं निळी बादली. तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं.

"मॅडम, ह्येचं आता काय करायचं? भावजी गेल्याच्या आदल्या दिशी धरून ठिवल्या. सोमवारी धाडायच्या होत्या. रोज पाला टाकते की. मारावं वाटंना."

मी फडक्याकडे बघत म्हटलं, "वहिनी, आधी तर बादली उघडीच यायची ना?"

"हाव. पैलं मी काठाला मीट लावायची. वल्या मिटाचं कडं केलं की एक बी वर चढत न्हाई. न्हाईतर इष्टीत समद्या फिरतेत, कंडक्टर बोंबलतो. सगळ्या सालांला तसंच धाडलं की."

मीठ! मी खाली बसले. तुम्ही बसला होतात त्याच दगडावर, हेही पुढच्या वाक्यात कळलं.

"मग पेरणीच्या टायमाला भावजी आलते. बकेट बघितली. काठाला बोट लावलं, चाखलं. आन् मग बसलेच की हितं, ह्या दगडावर. चा गार झाला त्येंचा. मी म्हनलं, काय झालं? तर म्हनले, वहिनी, मीट नका लावू, फडकं बांधा. मिटानं गोगलगाईला तहान लागते, वाटंत पाणी कोण पाजनार तिला. लई जीव लावायचे बगा मुक्या जनावराला."

"अजून काही म्हणाले?"

"म्हनले, मॅडमला तुमी सांगू नका, मीच सांगतो. पक्कं झालं की सांगतो." वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "सांगितलं का मग त्येनी?"

"हो," मी म्हटलं. "सांगितलं."

"माझं काय चुकलं न्हाई ना मॅडम?"

"नाही वहिनी. काहीच नाही."

तर असं, सर. एका दुपारी दोनदा खोटं बोलले, तुमच्यामुळे.

मिठानं गोगलगाईचं काय होतं हे नववीच्या पोराला कळतं. बसच्या हादऱ्यानं काठाचं मीठ आत गळणार, अंगातलं पाणी ओढलं जाणार, पेशी आवळून बसणार. आपण तिचा मेंदू बशीत ताज्या द्रावणात ठेवायचो आणि लगेच पहिली उडी मोजायचो. ती खुजीच पडणार. मग एन्झाइम जागं करायचो आणि अर्धा तास थांबायचो. त्या अर्ध्या तासात पेशी आपोआपच सावरत होती आणि दुसरी उडी उंच येत होती. आपण सगळं श्रेय एन्झाइमला देऊन मोकळे. आषाढातल्या दोन बादल्या फडक्याच्या, बिनमिठाच्या, म्हणून तिथं उंची वाढली नाही. माझी उंची, माझी राखीव दारं, माझा पेपर, सगळं वहिनींच्या मुठीतलं मीठ.

औषध न घालता नुसतं अर्धा तास थांबून बघायची चाचणी आपण केली होती ना, असं मी बसमध्येच स्वतःला विचारलं. केली होती. पण कॉलेजच्या बागेतल्या गोगलगाईंवर, ज्यांना मीठ लागलेलंच नव्हतं, म्हणून त्यांची उडी जेवढ्यास तेवढी. कारण वहिनी उन्हातान्हात वेचून, बादली भरून पाठवतात, त्या नुसतं थांबून बघण्यात वाया घालवायला जिवावर येतं. बागेतल्या काय, कशाही चालतील. ही अक्कल माझी होती. तुम्ही तेव्हा चष्मा पुसला होतात आणि मीच म्हटलं होतं, "पुसा, पुसा, पण ह्यात काही हरकत घेऊ नका." तुम्ही घेतली नाहीत. घ्यायला काय झालं होतं? एकोणीस वर्षांत एकदा आवाज चढवायला हवा होतात तो तिथं.

आणि जूनमध्ये मीठ चाखल्यावर तुम्हाला कळलं की माझी बाजू कोसळली. वाद तुम्ही जिंकत होतात, आणि गप्प बसलात. मला यंत्र उकलू दिलंत. बोटं भाजू दिलीत. आणि चहा दिलात! मला वाटलं, तुम्ही माझ्या उपयोगी पडता आहात. तुम्हाला काय वाटलं, मी मोडून पडेन? मी चिडले असते, सर. टेबल आपटलं असतं, दोन दिवस बोलले नसते, तिसऱ्या दिवशी माझा पेपर मीच फाडला असता. चिडणं वेगळं आणि मोडणं वेगळं, हे इतक्या वर्षांत तुम्हाला कळू नये? की कळत होतं, आणि दोन बादल्यांच्या जोरावर माझं तोंड बंद करणं तुमच्या तत्त्वात बसत नव्हतं? मला वाटतं हेच. आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. तुमच्या जागी मी असते तर त्याच दुपारी औशाहून फोन करून ओरडले असते, "सर, हरलात!"

बादली मी मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं नाव वाचलं. "जोगदंड सरांची न्हाई का? आना हिकडं. इंजनाजवळ नगं, तापतं. सरांनी सांगून ठिवलंय." सर गेले, असं मी त्याला सांगितलं नाही. त्यानं बादली आपल्या सीटमागं नेहमीच्या जागी ठेवली आणि लातूर येईपर्यंत पायानं धरून बसला.

मग तीन दिवस मी तुमचं काम केलं. तुमच्या सुया, तुमचं भिंग, तुमचं ते मोडकं स्टूल. पहिल्या दोघींचा मेंदू मी कापून टाकला. तिसरीत सुई मोडली. चौथीत सुई बसली तर पडद्यावर गुणगुण. पहिल्या दिवसासारखी. मी यंत्र उघडायला घेतलं आणि हात थांबला. तुम्ही गेल्यापासून खड्ड्याला कुणी पाणी घातलेलं नव्हतं.

बाटली भरून मागे गेले. पाऊस चालू होता, म्हणजे मला हसायला पुरेपूर निमित्त होतं. जाऊन बघते तर खड्डा कोरडा ठणठणीत. सायकल स्टँडचं पत्र्याचं छप्पर त्याच्यावर केव्हाच वाढवून घेतलंय. पाऊस तिथं पोचतच नाही, वर्षानुवर्षं पोचत नाही. मी कधी मागे जाऊन बघितलंच नव्हतं. स्टाफरूममधून हसायला काय जातंय. एकदा तरी सांगायचंत, "मॅडम, वर छप्पर आहे." चार शब्द. पण तुम्ही कशाला सांगाल? मी तिथं त्या पत्र्याखाली उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "काय माणूस आहे हा!" सायकल काढायला आलेल्या दोन मुली दचकून निघून गेल्या.

गुणगुण गेली. पाचवी आणि सहावी नीट झाल्या. चारदा मोजलं. उंची आधी जेवढी, नंतर तेवढीच. आणि शेपूट लांब. जेमतेम नाही, चांगलं लांब. रेघ वर गेली आणि सावकाश, अगदी तुमच्या बोलण्याच्या गतीनं, खाली आली. आधी मिठाच्या गडबडीत, आणि आषाढात मी उंचीच शोधत बसल्यामुळे, ते मला कधी नीट दिसलंच नव्हतं. दारं तेवढीच. बिजागरीला तेल. मी तुमच्या स्टुलावर बसून पडद्याकडे बघत राहिले आणि समोरच्या माझ्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "बघू."

मला तुम्ही खूप हवे होतात त्या वेळी. हरल्याचं तोंडावर सांगायला माणूस लागतो, सर. तो नसला की हरण्यातही काही राम नाही. ह्याच टेबलावर तुम्ही मला पेशी कशी बघायची ते शिकवलंत, मला मात्र आयुष्यभर वाटत राहिलं की मीच तुम्हाला यंत्र शिकवते आहे. माझ्या बापाचं एक वाक्य तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाळलंत. हे सगळं मंगळवारी सांगितलं असतं असं म्हणणार नाही. मंगळवारीही मी भांडलेच असते.

काल प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, पेपर कधी पाठवताय? वार्षिक अंकात सरांचा फोटो घालून बातमी द्यायचीय, सरांच्या मिसेसनाही बरं वाटेल. मी म्हटलं, जो लिहिला होता तो जाणार नाही, तो चुकलाय, नवा लिहावा लागेल. "मग दुसरा कधी?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आणखी सहा झाल्या की." प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. नेमका तसाच मी लावायचे.

तुमच्या मिसेसना मी घरी जाऊन सांगितलं. म्हटलं, उशीर होईल, पण सरांचं नाव चुकीच्या गोष्टीवर टाकणार नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना तरी कुठं घाई होती." आणि आम्ही दोघी हसलो, बऱ्याच दिवसांनी.

चाचणी ह्या वेळी नीट करणार आहे. अर्ध्या गोगलगाईंना औषध, अर्ध्यांवर नुसतं थांबायचं, आणि सगळ्या एकाच बादलीतल्या, वहिनींच्या. जिवावर आलं तरी. दोन गोगलगाईंवर मी हार लिहून द्यायची नाही, हे तुमचंच शिकवणं. शेपूट टिकलं तर ते वर जाईल, आणि माझी उंची मिठासकट तळटीपेत. मीठ कुणी लावलं ते मात्र लिहिणार नाही. लेखकांत पहिलं नाव तुमचं. टिकलं नाही तर तुमच्याशी माझं भांडण चालूच.

आज सकाळी वहिनींना फोन केला. "वहिनी, आणखी सहा पाठवता का? फडकं बांधून."

"धाडते की. उद्याच्याच गाडीला." मग म्हणाल्या, "मॅडम, बकेटीवर भावजीचं नाव हाय. पोरगी म्हनली, खोडून तुमचं टाकू का?"

"नको," मी म्हटलं. "कंडक्टर ओळखतात."

"मग उतरवून कोण घेनार? भावजी स्वतः यायचे ना स्टँडला."

मी येईन म्हणाले. तुमच्या नावाची बादली घ्यायला, उद्या दहाच्या गाडीला. त्याआधी खड्ड्याला पाणी घालून येते.